गेटच्या पलीकडे शाळा दिसायची: एका उपनगरातल्या चालायच्या आणि सायकलच्या वाटेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका उपनगरातलं आहे. नाव-गाव मुद्दाम काढलंय, कारण यातली बरीच मंडळी अजून तिथेच राहतात आणि रोज एकमेकांची तोंडं बघतात. ही वाट मागणाऱ्या रहिवाशांच्या गटात मी स्वतः होतो, त्यामुळे हे काही त्रयस्थाचं लिखाण नाही, पण जिथे आम्ही माती खाल्ली तेही लिहितोय.

वस्तीची रचना साधी. एका बाजूला घरं आणि आतल्या गल्ल्या, मधून चौपदरी रस्ता, पलीकडे शाळा आणि तिच्या मागे स्टेशन. आतल्या गल्ल्या चांगल्या शांत आहेत, झाडं आहेत, पोरं तिथे क्रिकेट खेळतात. त्यातली एक गल्ली सरळ शाळेच्या दिशेने जाते आणि एका भिंतीला जाऊन धडकते. भिंतीत लोखंडी गेट, गेटला कुलूप, गेटपलीकडे साठेक मीटरचा मोकळा पट्टा, मग मोठा रस्ता आणि बरोबर समोर शाळेची गल्ली. म्हणजे गेटच्या गजांतून शाळेचा फलक वाचता यायचा, पण तिथे पोचायला मोठ्या रस्त्याने वळसा. गेटमधून गेलं तर अंतर साडेसहाशे मीटर, वळसा घालून चौदाशे.

आता चौदाशे मीटर काही फार नाही, कोणीही म्हणेल. पण तो वळसा कसला होता ते बघायला हवं.

नेमकी अडचण काय होती

आमच्या गटात एक निवृत्त सर्व्हेअर काका आहेत. पहिल्याच रविवारी ते टेप घेऊन आले आणि म्हणाले, आधी मोजा, मग भांडा. मोठ्या रस्त्याचा फूटपाथ कागदावर दीड मीटरचा, पण एका ठिकाणी विजेचा डबा, पुढे झाड, मग फलकाचा खांब, आणि डब्यापाशी टेप लावली तर चालायला उरलेली जागा 70 सेंटीमीटर. व्हीलचेअर तिथे शिरतच नाही, दोन व्हीलचेअर शेजारून जायला साधारण 1.8 मीटर लागतात हे तर सोडूनच द्या. शिवाय प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी फूटपाथ खाली उतरतो आणि परत चढतो, त्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात ते सरळ रस्त्यावरून चालतात आणि गाडीवाले त्यांना शिव्या घालतात की फूटपाथ असताना खाली कशाला.

सायकलवाल्यांना तर काहीच नव्हतं. कडेला गटाराच्या जाळ्या, त्यातल्या एका जाळीचे गज नेमके चाकाच्या दिशेने, म्हणजे बारीक टायर सरळ आत. त्या जाळीवर पुढे येतोच.

आणि मग रस्ता ओलांडणं. रुंदी 14 मीटर. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो म्हणजे त्याला बारा सेकंद, पण आमच्याकडच्या आजी सेकंदाला 0.8 च्या आसपास चालतात, त्यांना साडेसतरा सेकंद लागतात. गाडी 50 किलोमीटरच्या वेगाने येत असेल तर ती सेकंदाला जवळजवळ 14 मीटर कापते, म्हणजे आजींना निवांत पार व्हायला दोन्ही बाजूंना एकाच वेळी अडीचशे मीटरच्या आसपास रिकामा रस्ता हवा. असा रस्ता तिथे पहाटे सोडून कधी नसतो. हा हिशोब काकांनी पाकिटाच्या मागे केला होता आणि पुढच्या वर्षभरात आम्ही तो किमान वीस वेळा वेगवेगळ्या टेबलांवर मांडला असेल.

यातून जे व्हायचं तेच झालं. पालक मुलांना गाडीने सोडायला लागले, त्यामुळे शाळेसमोर गाड्यांची गर्दी, गर्दी बघून आणखी पालक म्हणाले बाबा आपणही गाडीनेच सोडू. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाडीला घाबरून स्वतःची गाडी काढत होता.

एक गोष्ट मात्र आमच्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती, ती एका सातवीतल्या मुलीने दाखवली. भिंतीच्या कोपऱ्यात दोन विटा निघालेल्या होत्या आणि त्या खाचेची कड अगदी गुळगुळीत झाली होती, शाळेच्या बुटांनी. पलीकडच्या पट्ट्यातल्या गवतात सरळ पायवाट पडलेली. म्हणजे मोठी पोरं कधीपासूनच भिंतीवरून उडी मारून जात होती आणि आम्ही इकडे मीटिंगा घेत होतो की मार्ग कुठून असावा.

कोणाला विचारायचं, इथेच पहिली चूक

सुरुवातीला आम्ही सायकल चालवणाऱ्यांना विचारलं. स्वाभाविक वाटतं, सायकलचा प्रश्न आहे तर सायकलवाल्यांना विचारा. ते म्हणाले मोठ्या रस्त्यावर पट्टा मारून द्या, बास. पण हे कोण लोक होते? जे आजही त्या ट्रॅफिकमध्ये सायकल घालतात ते, म्हणजे मुळात धीट.

पोर्टलँड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी 2006 च्या सुमाराला लोकांचे चार गट सांगितले होते, निडर, उत्साही, इच्छा आहे पण भीती वाटते असे, आणि काही झालं तरी सायकल नको असे. त्यांच्या अंदाजाने तिसरा गट सगळ्यात मोठा, साधारण 60 टक्के, आणि निडर म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. एका शहराच्या अनुभवावरचा अंदाज आहे तो, जसाच्या तसा सगळीकडे लावू नये. पण आम्हाला आमची चूक दिसायला तेवढं पुरलं. आम्ही त्या एका टक्क्याला विचारून सगळ्यांचा रस्ता ठरवत होतो.

मग दुसऱ्या फेरीत आम्ही शाळेत गेलो, मुलांना घर ते शाळा नकाशा काढायला सांगितला आणि जिथे भीती वाटते तिथे लाल खूण करा म्हटलं. सगळ्या लाल खुणा एकाच जागी, त्या 14 मीटरवर. गल्ल्यांमध्ये जवळपास काहीच नाही. मुलांनी जे अर्ध्या तासात दाखवलं त्याला आमचे तीन महिने गेले होते.

समोर आलेले पर्याय

पालिकेच्या इंजिनियर साहेबांची पहिली पसंती पादचारी पूल. त्यांचं म्हणणं, लोक वरून, गाड्या खालून, कोणाला कोणाचा त्रास नाही. ऐकायला बरं वाटतं. पण खालून उंच गाड्या जायच्या तर पुलाची चालायची फरशी सहा मीटरच्या आसपास वर जाते, म्हणजे साडेसोळा सेंटीमीटरची एक पायरी धरली तर छत्तीस पायऱ्या चढायच्या आणि छत्तीस उतरायच्या. रॅम्प करायचा तर एकास बाराच्या उताराने 72 मीटर लांब, मधले सपाट टप्पे वेगळे, आणि तेवढाच दुसऱ्या बाजूला. 14 मीटर ओलांडायला दीडशे मीटर. काका मीटिंगमध्ये म्हणाले, साहेब, तुम्ही स्वतः चढाल का रोज दोनदा? साहेब हसले, पण प्रस्ताव काही मागे घेतला नाही.

दुसरा पर्याय मोठ्या रस्त्याच्या कडेला सायकलसाठी रंगाचा पट्टा. स्वस्त आणि पटकन होणारा, फोटोतही छान दिसतो. पण कडेला गाड्या पार्क होतात आणि पट्ट्याला उरत होते 1.2 मीटर. गाडीचं दार उघडलं की साधारण मीटरभर बाहेर येतं, म्हणजे तो जवळजवळ पूर्ण पट्टा दाराच्या टप्प्यात. खरं सांगायचं तर त्यापेक्षा पट्टा नसलेला बरा, कारण नवखा माणूस त्या रंगावर विश्वास ठेवून नेमका तिथूनच जाईल.

तिसरा, गेट उघडून आतली गल्ली, तो साठ मीटरचा पट्टा आणि शाळेची गल्ली जोडायची आणि मोठा रस्ता जिथे छेदला जातो तिथे मधोमध थांबायला बेट करायचं. चौथा म्हणजे काहीच न करता मोठ्या रस्त्याचं नूतनीकरण होईपर्यंत वाट बघायची, जे दरवर्षी पुढच्या वर्षी होणार असतं.

गटातल्या एका मॅडमनी नेदरलँड्समधे वापरतात ते पाच निकष आणले होते. मार्ग सलग आहे का, थेट आहे का, सुरक्षित आहे का, आरामशीर आहे का आणि जावंसं वाटेल असा आहे का. आम्ही शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडून गुण दिले. मजा अशी की आमच्या गल्लीला जवळपास सगळीकडे उत्तम गुण, फक्त सलगतेला शून्य. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपल्याला नवीन मार्ग बांधायचाच नाहीये, तो आहे, फक्त दोन ठिकाणी तुटलाय. तिसरा पर्याय ठरला. सगळ्यांच्या मताने नाही, रंगाच्या पट्ट्याच्या बाजूचे दोघं गट सोडून गेले आणि त्यातला एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

काय केलं

*गेट.* सोसायटी म्हणे गेटपलीकडचा पट्टा पालिकेचा, पालिका म्हणे सोसायटीचा. दोन महिने हेच. शेवटी काकांनी जुना मंजूर आराखडा शोधून काढला, त्यात तिथे स्पष्ट पायवाट दाखवलेली होती. सोसायटीची भीती अगदीच खोटी नव्हती, चोऱ्या होतील, बाइकवाले घुसतील. तडजोड झाली की गेट सकाळी सहा ते रात्री दहा उघडं राहील.

इथे मला वाटतं आम्ही फार लवकर हो म्हटलं. वॉचमन कधी सहाला उघडायचा, कधी सव्वासहाला. पहाटेच्या गाडीला जाणारा माणूस एकदा गेटपर्यंत आला, कुलूप बघितलं, वळसा घालून पळत गेला आणि गाडी चुकली. तो परत त्या वाटेने आला नाही. कुलपाची नुसती शक्यता असली तरी लोक ती वाट धरत नाहीत. सात महिन्यांनी सोसायटीनेच गेटचं दार काढून टाकलं, वॉचमन कंटाळला होता हे खरं कारण.

*बाइक अडवायचा अडथळा.* दार नाही म्हटल्यावर बाइक येणार, म्हणून पाइपांचा नागमोडी अडथळा बसवला. पहिल्याच आठवड्यात काय दिसलं तर बाइकवाले हँडल तिरकं करून आरामात जातात, आणि जुळ्यांची बाबागाडी ढकलणारी आई, तीनचाकी सायकलवर येणारे आजोबा आणि व्हीलचेअरवरचा एक मुलगा हे तिघं अडकतात. ज्याला अडवायचं तो सोडून बाकी सगळे अडवले! शेवटी पाइप काढून मधोमध एकच खांब ठेवला, दोन्ही बाजूंना दीड मीटर जागा. बाइक येतात अजूनही, नाही असं नाही. ते आम्ही मान्य करून टाकलं.

*मधलं बेट.* खरी लढाई इथे झाली. साहेब म्हणाले जागाच नाही, बेट कुठे बसवू. काका परत टेप घेऊन गेले. चार लेन, प्रत्येक साडेतीन मीटरची. प्रत्येक लेन तीन मीटर केली तर दोन मीटर सुटतात. बस आरसे सोडून अडीच मीटरच्या आसपास रुंद असते, तीन मीटरच्या लेनमधून ती जाते, फक्त ड्रायव्हरला जरा जपून जावं लागतं, आणि आम्हाला तर तेच हवं होतं. रुंद रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो, तिथे वेगमर्यादेचे फलक कितीही लावा.

साहेबांनी कागदावर दीड मीटरचं बेट काढलं, उरलेला अर्धा मीटर गाड्यांना. तेव्हा आम्ही एक सायकल उचलून त्यांच्या ऑफिसात नेली. फरशीवर खडूने दीड मीटरच्या दोन रेघा मारल्या आणि सायकल मध्ये उभी केली. सायकल साधारण 1.8 मीटर लांब असते, मागचं चाक रेघेच्या बाहेर, म्हणजे लेनमध्ये. साहेब बराच वेळ त्या चाकाकडे बघत होते. मग म्हणाले, ठीक आहे, दोन मीटर करू. आम्हाला अडीच हवे होते पण त्या दिवशी घासाघीस करायची हिंमत झाली नाही.

बेटामुळे हिशोब कसा बदलतो बघा. आता एका वेळी सहाच मीटर ओलांडायचे, आजींना साडेसात सेकंद, म्हणजे साधारण शंभर मीटर मोकळा रस्ता पुरतो आणि तोही एकाच बाजूचा. एकाच दिशेला बघायचं हे सगळ्यात महत्त्वाचं, विशेषतः लहान मुलांना. क्रॉसिंगची जागाही थोडी उचलून सपाट उंचवट्यासारखी केली, म्हणजे गाडीला हळू व्हावंच लागतं. वेग 50 वरून 30 वर आला की गाडीची गतिज ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट कमी होते, आणि ड्रायव्हरला भानावर यायला एक सेकंद धरला तरी कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण 28 मीटरऐवजी 13-14 मीटरमध्ये थांबते. स्पेनने 2021 मध्ये शहरांतल्या एका दिशेला एकच लेन असलेल्या रस्त्यांना 30 ची मर्यादा लावली त्यामागे हेच गणित आहे. आमच्या रस्त्याला तो नियम लागू होण्यासारखा नव्हताच, पण त्या एका जागेपुरता वेग खाली आणणं जमलं.

*गल्लीतली चाचणी.* आतल्या गल्लीतून शॉर्टकट मारणाऱ्या गाड्या थांबवायला सहा आठवड्यांसाठी मोठ्या कुंड्या ठेवल्या, चालणारे आणि सायकली जातील, गाड्या नाहीत. आधी चाचणी, मग पक्कं काम, हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता कारण दोन गोष्टी लगेच चुकल्या. एक, आमच्या गल्लीतल्या गाड्या शेजारच्या गल्लीत गेल्या आणि तिथल्या लोकांना आम्ही विचारलंच नव्हतं, ते चिडले आणि बरोबरच चिडले. दोन, गल्लीत राहणारे एक अंध काका पांढऱ्या काठीने रोज त्याच वाटेने जायचे, वरून रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली कुंडी, काठी खालून निघून गेली आणि त्यांची नडगी वरच्या कडेवर आपटली. ते माझ्या घरी आले आणि एवढंच म्हणाले, मला फोन केला असता तर मी सांगितलं असतं. मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं.

कुंड्या गेल्या, जमिनीपासून सरळ वर जाणारे, रंगाने उठून दिसणारे खांब आले, त्यातला एक किल्लीने निघणारा, अँब्युलन्स आणि अग्निशमनसाठी. शेजारच्या गल्लीलाही तसेच खांब मिळाले, चार महिने उशिरा, त्या चार महिन्यांत आम्हाला तिथून जाताना मान खाली घालावी लागायची.

पुढे काय झालं

आकडे देत नाही, कारण आम्ही आधीची मोजणी फक्त सकाळी केली होती आणि नंतरची दिवसभर, त्यांची तुलना करणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. डोळ्यांना दिसतं ते सांगतो. शाळेच्या सायकल स्टँडमध्ये आधी तुटकी बाकडी ठेवलेली असायची, ती काढावी लागली. दुपारी सुटल्यावर पोरं घोळक्याने त्या वाटेने येतात. शाळेसमोरच्या गाड्या कमी झाल्यात पण संपल्या नाहीत, पाऊस असला की परत तेवढ्याच.

मोजणी फक्त सकाळी केल्याचा दुसरा फटका जास्त मोठा होता. संध्याकाळी सातनंतर ती वाट रिकामी असते हे आम्हाला काम झाल्यावर कळलं. स्टेशनवरून येणाऱ्या बायका जुना वळसाच घेत होत्या. एकीला विचारलं तर म्हणाली, तुम्ही रात्री चालून बघितलंय का तिथून? नव्हतं बघितलं. गेलो तेव्हा कळलं, दिव्याचे खांब उंच, झाडांचा विस्तार त्यांच्या खाली, म्हणजे दिवा झाडाच्या डोक्यावर उजेड पाडतोय आणि खाली मिट्ट काळोख. शिवाय साठ मीटरच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना भिंती, मधेच कोणी समोर आलं तर बाजूला व्हायला वाट नाही. चार मीटर उंचीचे बुटके दिवे लावल्यावर आणि एका बाजूची भिंत कमरेइतकी उतरवल्यावर फरक पडला, पण ती परवानगी मिळवण्यात अख्खं एक वर्ष गेलं.

परत करायचं झालं तर

रात्रीची फेरी पहिल्याच आठवड्यात मारेन, आणि एकटा नाही, बायकांना सोबत घेऊन, कारण मला जिथे काहीच वाटत नाही तिथे त्या पावलं झपझप टाकतात. अंध काकांना, व्हीलचेअरवाल्या मुलाच्या आईला नकाशा काढायच्या आधी बोलवेन. शेजारच्या गल्लीच्या दारावर चाचणीच्या महिनाभर आधी टकटक करेन.

गेटच्या वेळेबद्दल मात्र गटात अजून दोन मतं आहेत. मला वाटतं सुरुवातीपासून चोवीस तासांसाठी अडून बसायला हवं होतं. मॅडम म्हणतात तसं केलं असतं तर गेट कधीच उघडलं नसतं, अर्धं मिळालं म्हणून पुढचं मिळालं. त्यांचं बरोबर असेलही. बेटाच्या अर्ध्या मीटरबद्दल पण तेच, त्या दिवशी अडीचला अडलो असतो तर कदाचित साहेब परत पुलावर गेले असते. पण मागे मुलाची सीट लावलेली लांब सायकल आजही त्या बेटात नीट मावत नाही, आणि ती तिथे तिरकी उभी दिसली की मला तो अर्धा मीटर आठवतो.

मोठ्या रस्त्यावरचा फूटपाथ तसाच आहे. डब्यापाशी 70 सेंटीमीटरच. तिथून आता आपली माणसं कमी जातात म्हणून पाठपुरावा थंडावला, जो स्टेशनपलीकडून येतो त्याला अजून तेच भोगावं लागतं.

आणि ती जाळी. गज आडवे करायचे, म्हणजे जाळी काढून फिरवून परत बसवायची, एवढंच काम. काकांनी मागच्या आठवड्यात तिसरं पत्र टाकलं, यावेळी सोबत फोटो लावलाय, पुढचं चाक जाळीत रुतलंय आणि स्टँड न लावता, कोणी न धरता सायकल सरळ उभी आहे.